बारा महिन्यांची सेवा

सेवाभावी क्लबांचं वर्ष एक जुलैला सुरू होतं आणि तीस जूनला संपतं. रोटरीचं तसं, लायन्सचंही तसंच; कायवानिसवाले ऑक्टोबरपासून मोजतात एवढाच फरक. त्या दिवशी जुन्या अध्यक्षांच्या गळ्यातली कॉलर नव्यांच्या गळ्यात जाते, फोटो निघतात, आभाराचं भाषण लांबतं. मग नवे अध्यक्ष आपल्या 'सिग्नेचर प्रोजेक्ट'ची घोषणा करतात आणि गेल्या वर्षीचं काम हळूच 'इतर उपक्रम' या सदरात जाऊन बसतं.

यात कोणाची वाईट वृत्ती असते असं नाही. आलेल्या माणसाला काहीतरी करून दाखवायचं असतं, आणि दुसऱ्याचं चालू काम नेटाने पुढे नेणाऱ्याला 'करून दाखवलं' असं कोणी म्हणत नाही. बऱ्याच कामांचं त्यामुळे बिघडतही नाही. रक्तदान शिबिर पार पडलं की रक्त पोचलं. शाळेला पुस्तकं दिली की पुस्तकं कपाटात गेली. मुलं वाचतील न वाचतील, ते पुढचं पुढे. पण विशेष गरजा असलेली मुलं आणि मोठी माणसं यांच्याबरोबर काम करायचं ठरवलं, की हे बारा महिन्यांचं माप तोकडं पडतं. मी बरीच वर्षं अशा क्लबात आहे, आणि आमच्या हातून जे काही बरं झालं ते या मापाशी भांडूनच झालं असं माझं मत आहे.

खरं तर हे भांडण क्लबांइतकंच जुनं आहे. ओहायो राज्यातल्या एलिरिया गावात एडगर अ‍ॅलन नावाचा व्यावसायिक राहायचा. 1907 मध्ये ट्रामच्या अपघातात त्याचा तरुण मुलगा गेला. गावात धड इस्पितळ नव्हतं. अ‍ॅलनने आपला धंदा विकला आणि इस्पितळ उभं करण्याच्या मागे लागला. ते उभं राहिल्यावर त्याच्या ध्यानात आलं की चालता न येणारी, हातपाय वाकडे असलेली मुलं घराघरांत नजरेआड ठेवलेली आहेत आणि त्यांना बरं करण्याचा कोणी विचारही करत नाही. मग त्या मुलांसाठी वेगळं इस्पितळ झालं, आणि 1919 मध्ये रोटरीतल्या मंडळींना हाताशी धरून त्याने संस्था काढली. अपंगांसाठी काम करणारी तीच संस्था पुढे ईस्टर सील्स म्हणून ओळखली जाऊ लागली. मुलं त्याला 'डॅडी अ‍ॅलन' म्हणत.

हे लोण ओहायोतल्या क्लबांत भराभर पसरलं. काहींना वाटू लागलं, हेच साऱ्या रोटरीचं काम व्हावं. जगभर प्रत्येक क्लबाने हेच करावं. बाकीच्यांना ते पटेना. आमचं गाव वेगळं, आमची गरज वेगळी, वरून हुकूम कशाला? वाद इतका तापला की 1923 मध्ये सेंट लुइसच्या अधिवेशनात एक ठराव करावा लागला. क्लबांत तो '23-34' या क्रमांकानेच ओळखला जातो. त्यात प्रत्येक क्लबाला आपलं काम निवडण्याची मोकळीक दिली, ते ठीकच झालं. पण त्यातच अशीही शिफारस आहे की क्लबाने दरवर्षी एक मोठं समाजकार्य हाती घ्यावं, शक्यतो दर वर्षी वेगळं, आणि जमल्यास ते वर्ष संपायच्या आत पुरं करावं.

ही शिफारस मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला हसू आलं. जो वाद अपंग मुलांच्या कामावरून पेटला, तो मिटवताना सांगितलं काय, तर काम तीस जूनच्या आत संपवा! ठराव लिहिणाऱ्यांचं तसं चुकलं नव्हतं. क्लब म्हणजे फावल्या वेळात जमणारी, आपापला धंदा सांभाळणारी माणसं. एका कामात कायमची अडकू नयेत, नव्या गरजा दिसत राहाव्यात, हा त्यामागचा विचार. फक्त काही गरजांना शेवटची तारीख नसते, एवढं त्यात धरलेलं नव्हतं.

एक आकडा मला कायम आठवतो. डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचं अमेरिकेतलं सरासरी आयुर्मान 1983 मध्ये 25 वर्षांच्या आसपास होतं. आज ते 60 च्या घरात आहे. या मुलांपैकी जवळजवळ निम्मी हृदयात दोष घेऊन जन्मतात. पूर्वी त्यांच्यावर शस्त्रक्रिया करायलाही डॉक्टर फारसे राजी नसत, आता लहानपणीच करतात. मोठमोठ्या आश्रयसंस्थांत कोंडून ठेवणं कमी झालं, त्याचाही वाटा आहे. पूर्वी आईबापांच्या हयातीतच मूल जायचं. आता पन्नाशीचा मुलगा आणि ऐंशीची आई अशी घरं दिसतात. त्यात डाउन सिंड्रोमबरोबर अल्झायमर लवकर गाठतो, म्हणजे विसराळू कोण आणि सांभाळणारं कोण याचाही घोळ होतो. 'आमच्यानंतर याचं काय?' हा प्रश्न प्रत्येक आईबापांच्या तोंडी असतो. क्लबाकडे मात्र त्याला उत्तर म्हणून असतात फुगे.

फुग्यांवर माझा राग नाही. मूल लहान असतं तोवर फुगे चालतात. लहान मुलाभोवती लोक जमतात, देणगीदार मिळतात, मोठे पाहुणे येतात, बॅनरवर फोटो छान दिसतो. तोच मुलगा तिशीचा झाला, दाढी वाढली, आवाज घोगरा झाला, की गर्दी पांगते. शाळा संपलेली असते. थेरपीचे वर्ग लहानांसाठी असतात. कामधंदा मिळतोच असं नाही. सकाळी कुठे जायचं हा प्रश्न रोजचा होतो. आणि ज्या क्लबाने सात वर्षांचा असताना त्याला उचलून फोटो काढलेला असतो, त्याच्या यादीत आता तो बसत नाही, कारण यादीचं नावच 'विशेष मुलांसाठी' असतं.

बसलाच, तर मूल म्हणून बसतो. एका समारंभात मंचावरच्या पाहुण्यांनी, कानाशी पांढरे झालेले केस असलेल्या एका गृहस्थांना विचारलं, "बाळा, नाव काय तुझं?" आणि उत्तराची वाट न पाहता नजर त्यांच्या आईकडे वळवली. गृहस्थांनी जरा वेळ घेतला, कारण त्यांना बोलायला वेळ लागतोच. मग म्हणाले, "माझं नाव लिहिलंय बिल्ल्यावर. तुझं काय?" सभागृहात हशा पिकला. पाहुणेही हसले, पण कान लाल झाले होते. या गृहस्थांकडे मी पुन्हा येईनच.

व्हीलचेअरवाटप हा क्लबांचा आवडता कार्यक्रम. ओळीने नव्या कोऱ्या खुर्च्या, मागे बॅनर, पुढे पदाधिकारी. आता खुर्ची ही चपलेसारखी मापाने घ्यायची वस्तू आहे. कमरेची रुंदी, मांडीची लांबी, गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं अंतर, पाठ कुठवर सरळ राहते, बसल्यावर भार कुठे येतो, हे सगळं पाहावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत खुर्ची देण्याच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत: नोंद, तपासणी, कोणती खुर्ची हे ठरवणं, पैशांची सोय, खुर्ची तयार करणं, माणसाला बसवून पाहणं, वापरायला शिकवणं, आणि नंतरची देखभाल. आमच्यासारख्यांचा सगळा जोर चौथ्या पायरीवर. पैसे दिले की आमच्या दृष्टीने खुर्ची 'दिली'.

आमच्या एका कार्यक्रमात एका मुलीला मोठ्या माणसाच्या मापाची खुर्ची मिळाली होती. पुढे कधीतरी एक जण तिच्या घरी गेला, तर ती दोन्ही बाजूंना उश्या खुपसून बसलेली. पाय पायटेकूपर्यंत पोचत नव्हते, त्यामुळे पूर्ण भार माकडहाडावर. एका बाजूला कलून बसायची सवय लागलेली. त्वचा लाल झाली होती. संवेदना कमी असलेल्या शरीरात तिथून जखम व्हायला फार वेळ लागत नाही, आणि अशी जखम भरायला महिनेच्या महिने जातात. खुर्चीच्या पाठीवर मात्र क्लबाचं बोधचिन्ह ठसठशीत होतं. फिजिओथेरपिस्ट बाईंनी पाहिल्याबरोबर विचारलं, "माप कोणी घेतलं होतं?" कोणीच घेतलं नव्हतं. बरं, मूल वाढतं. आज बरोबर बसलेली खुर्ची दीड-दोन वर्षांत आखूड होणार. आठवी पायरी कायम पुढच्या अध्यक्षांच्या काळात येते, आणि पुढच्या अध्यक्षांनी तोवर वृक्षारोपण घेतलेलं असतं.

मग क्लबांनी हे काम करूच नये का? मला तसं वाटत नाही. क्लबांकडे एक गोष्ट अशी आहे जी संस्थांकडे क्वचित असते, आणि गंमत म्हणजे तिच्याकडे आमचं स्वतःचंच लक्ष नसतं.

1905 च्या फेब्रुवारीत शिकागोत पहिला रोटरी क्लब जमला तेव्हा चार जण होते. पॉल हॅरिस वकील, बाकीचे कोळशाचा व्यापारी, खाणीचा इंजिनियर आणि शिंपीकामाचा व्यावसायिक. एकेका व्यवसायातला एकेक माणूस घ्यायचा, ही मूळ कल्पना. म्हणजे क्लब ही मुळात वेगवेगळ्या हातांची मोट आहे, पैशांची पेटी नंतर आली. दातांचा डॉक्टर, विजेचं काम करणारा, वकील, बँकेतले साहेब, केस कापणारा, सगळे एका टेबलाभोवती असतात. विशेष गरजा असलेल्या माणसाच्या घराला नेमकी याचीच वानवा असते. धर्मादाय तपासणी शिबिरं होत असतात. पण न घाबरता ज्याच्याकडे जाता येईल असा एक न्हावी मिळत नाही.

आमच्यातल्या दंतवैद्य मॅडमनी हे फार आधी ओळखलं. विशीतला एक स्वमग्न मुलगा तोंडाजवळ हातच लावू देत नव्हता. अशांना सरळ भूल देऊन दातांचं काम करतात. मॅडमनी त्याला दवाखाना बंद व्हायच्या वेळी बोलावलं. पहिल्यांदा तो फक्त बाहेरच्या बाकावर बसला आणि गेला. तिथली एक ट्यूबलाइट बारीक आवाज करायची, आम्हा कोणाला ऐकू न येणारा. त्याने कानांवर हात ठेवले तेव्हा ती बंद केली. पुढच्या खेपेला खुर्चीचं बटण त्याच्याच हातात दिलं. वर, खाली, वर, खाली. मग आरसा त्याच्या तळहातावर ठेवला, मग ओठांना लावला, मग मोठ्याने पाच आकडे मोजेपर्यंत तोंडात. ड्रिलचा आवाज फोनवर मुद्रित करून घरी दिला. आई तो रोज थोडा थोडा मोठा करून ऐकवायची. दाढ भरली गेली तेव्हा भूल देणाऱ्याची गरज पडली नाही. त्याचं बुलेटिनमध्ये काही आलं नाही. एकतर फोटो नव्हता, आणि 'लाभार्थी संख्या' या रकान्यात 'एक' लिहायला सचिवांना संकोच वाटला.

त्या रकान्यावर माझा जुना दात आहे. लाभार्थी मोजायला लागलं की माणसांची रांग लागते, आणि रांगेतल्या माणसाला आपण काय हवं ते विचारत नाही. विचारलं तर काय होतं, ते स्वीडनमध्ये बऱ्याच आधी दिसलं. बेंग्ट निर्ये नावाचे एक गृहस्थ तिथल्या पालकांच्या संघटनेत काम करत. बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणांचे क्लब तिथे निघाले होते, आणि त्यांना सभा कशी चालवायची, ठराव कसा मांडायचा, मत कसं द्यायचं याचे रीतसर वर्ग घेतले गेले. 1970 मध्ये माल्मो शहरात अशा पन्नासेक तरुणांची परिषद भरली. घर, काम, शिक्षण, फावला वेळ यांवर त्यांनी आपसांत चर्चा केली आणि मागण्या लिहून काढल्या. त्यातल्या दोन आम्हा क्लबवाल्यांनी भिंतीवर लावाव्यात अशा आहेत. आम्हाला आमच्या वयाच्या माणसांत वेळ घालवायचा आहे. आणि मोठा घोळका करून आम्हाला शहरातून फिरवू नका.

म्हणजे एकसारख्या टोप्या घालून, दोघादोघांची रांग करून काढलेली सहल त्यांना नको होती. आमची दरवर्षीची सहल हीच. टोप्या प्रायोजक देतो.

पुढे 1974 मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांचीच 'पीपल फर्स्ट' ही चळवळ सुरू झाली. तिथेही स्वतःबद्दल स्वतः बोलण्याचाच आग्रह होता. कायवानिसने तर प्रौढ अपंग व्यक्तींसाठी अ‍ॅक्शन क्लबच काढले. तिथे अध्यक्ष तेच, सचिव तेच, आणि सेवा करतात ती दुसऱ्यांची. या शेवटच्या गोष्टीचं मला सगळ्यात अप्रूप वाटतं. आयुष्यभर ज्याने फक्त घेतलं, त्याला एकदा तरी देणाऱ्याच्या बाजूला उभं राहावंसं वाटतच असणार, हे आमच्यासारख्या देऊन देऊन सवय झालेल्यांच्या डोक्यात लवकर येत नाही.

आमच्याकडे हे असं काही ठरवून झालं नाही. ते पांढऱ्या केसांचे गृहस्थ आईबरोबर दर बैठकीला यायला लागले, कारण आईला दुपारी त्यांना एकटं सोडता येत नव्हतं आणि ती आमची सभासद होती. त्यांना वाचता येतं, सावकाश. दारात सदस्यांच्या बिल्ल्यांचं टेबल असतं. एकदा ते सांभाळणारे सभासद आले नाहीत, तेव्हा हे जाऊन बसले. त्यांनी बिल्ले आडनावांप्रमाणे लावायचं सोडून दिलं आणि कोण कुठे बसतं त्याप्रमाणे लावले. पहिल्यांदा सगळे गोंधळले. मग लक्षात आलं की कोणाची जागा रिकामी आहे ते टेबलावर राहिलेल्या बिल्ल्यांवरून एका नजरेत कळतं. आजारी पडलेल्या एका वयस्कर सभासदांची चौकशी आमच्याकडून त्यामुळेच झाली. त्यांचा बिल्ला ओळीने पडून राहत होता आणि हे गृहस्थ दर वेळी तो उचलून अध्यक्षांसमोर नेऊन ठेवत होते. काही न बोलता.

त्यांना सभासद करून घ्यायचं निघालं तेव्हा मात्र वाद झाला. वर्गणी कोण भरणार? मताचा अर्थ कळेल का? कोणी फूस लावून सही घेतली तर? प्रश्न रास्त होते, निदान तिसरा तरी. दुसऱ्यावर मी म्हटलं की ताळेबंद मंजूर करताना आपल्यातल्या किती जणांना तो कळतो, हेही एकदा तपासून पाहू. ते कोणाला आवडलं नाही. शेवटी आमच्या वकील सभासदांनी तोडगा काढला: कार्यक्रमपत्रिका मोठ्या अक्षरांत, सोप्या वाक्यांत, चित्रांसह छापायची आणि दोन दिवस आधी द्यायची, म्हणजे घरी बसून वाचता येते. त्यांनी सही करायचा कोणताही कागद आधी त्यांनीच निवडलेल्या दोन माणसांनी वाचायचा. सोपी पत्रिका खास त्यांच्यासाठी निघाली. आता सगळेच ती मागतात आणि लांबलचक मूळ पत्रिका कोणी वाचत नाही.

ते एका छापखान्यात कागद मोजायचं काम करतात. वर्गणी त्यांनी आपल्या पगारातून भरली आणि पावती मिळेपर्यंत टेबलापासून हलले नाहीत.

वर्षाच्या मापावर आम्ही अजून पुरता उपाय काढलेला नाही. एवढं केलं आहे की या कामाची समिती तीन वर्षांची ठेवली आणि दर वर्षी तिच्यातला एकच माणूस बदलायचा, म्हणजे कोणत्या घरात खुर्ची आखूड झाली असेल हे माहीत असणारे दोघे तरी उरतात. दुरुस्तीसाठी थोडी रक्कम राखून ठेवली आहे; ती तीस जूनला संपवायची नाही. यंदाच्या अध्यक्षांनी नाराजी दाखवली. त्यांच्या मते त्या पैशांत एक देखणा कार्यक्रम झाला असता. होईलही कधीतरी.

भावंडांची एक बैठकही आता अधूनमधून होते. आईबाप थकले की हा भार भावाबहिणींवर येतो, आणि त्यांना आधी कोणी विचारलेलं नसतं. तिथे काय बोलणं होतं ते मी लिहिणार नाही, कारण तिथे बाहेरच्यांनी बसायचं नाही असं ठरलं आहे. चर्चेसाठी आमच्या सभागृहाची किल्ली देणं एवढंच क्लबाचं काम.

गेल्या सभेत बिल्ल्यांच्या टेबलामागच्या गृहस्थांनी आपला पहिला ठराव मांडला. बैठकी वेळेवर सुरू होत नाहीत. घरी परतायची त्यांची बस चुकते आणि पुढची बरीच उशिरा असते. म्हणून उशिरा येणाऱ्याला दंड करावा, आणि तो त्यांनी स्वतः दारातच गोळा करावा. मांडताना त्यांना बराच वेळ लागला. मध्ये एका सभासदांनी वाक्य पुरं करून द्यायचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांनी हात वर करून थांबवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. अनुमोदन दंतवैद्य मॅडमनी दिलं. ठराव बहुमताने मंजूर झाला. विरोधात दोन मतं पडली, एक अध्यक्षांचं आणि एक माझं. आम्ही दोघंही कधी वेळेवर येत नाही.